शिट्टी केव्हा वाजवायची?
(बास्केटबॉलच्या सामन्यात अचानक येणारे अडथळे आणि पंचाचे काम)

— ऊस विकास अधिकारी



या पानावर एरवी मी आपल्याशी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर बोलतो. या खेपेला विषय वेगळा आहे. कारखान्याच्या शाळेच्या मैदानावर दर हंगामात बास्केटबॉलचे आंतरशालेय सामने होतात आणि तिथे शिट्टी घेऊन बहुतेक वेळा मीच उभा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कृषी पदविकेला असताना वसतिगृहाच्या मैदानावर या खेळाची गोडी लागली आणि पुढे पंचाची परीक्षाही दिली.

गेल्या हंगामातील सामन्यांत एक प्रसंग घडला. त्यावर गट ऑफिसात, वजनकाट्यावर, चहाच्या टपरीवर बरीच चर्चा झाली. "मुलगी पडलेली दिसत होती, मग साहेबांनी खेळ का थांबवला नाही?" असं अनेकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा पाठ लिहितो आहे. तो प्रसंग शेवटी सांगतो. आधी नियम समजून घेऊ, म्हणजे कोण कुठे चुकलं हे आपलं आपल्यालाच ठरवता येईल.

गव्हाणीवरून एक उदाहरण

गव्हाणीत उसाची मोळी पडते, तिच्याबरोबर थोडं पाचट, थोडी माती येतेच. तेवढ्यासाठी कोणी मिल बंद करत नाही. दर वेळी बंद करायची म्हटली तर वाफ वाया जाईल, गाळप बसेल आणि बाहेर गाड्यांची रांग वाढेल. पण मोळीत कोयता राहिलेला दिसला, किंवा एखादा कामगार पट्ट्याजवळ घसरला, तर कोणाला विचारत बसायचं नाही. आधी बंद करायचं, मग बोलायचं.

पंचाच्या शिट्टीचंही असंच आहे. फाऊल झाला, चेंडू रेषेबाहेर गेला, तर शिट्टी वाजते हे सगळ्यांना माहीत असतं. परंतु ज्यात कोणत्याच खेळाडूचा गुन्हा नाही असे अडथळेही येतात. कुत्रं मैदानात शिरतं, शेजारच्या मैदानावरचा चेंडू घरंगळत येतो, वीज जाते, दव पडून फरशी निसरडी होते, खेळाडू पाय मुरगळून पडतो. अशा वेळी खेळ थांबवायचा की चालू ठेवायचा, हे पंचाला एका क्षणात ठरवावं लागतं.

खेळाची थोडक्यात ओळख

नवीन प्रेक्षकांसाठी दोन ओळी. प्रत्येक संघाचे ५ खेळाडू मैदानात असतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सामना १० मिनिटांच्या चार भागांत होतो. चेंडू ताब्यात आला की २४ सेकंदांत बास्केटकडे टाकावा लागतो. शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं. कबड्डी, खो-खोप्रमाणे इथंही वेग हाच जीव आहे. समोर कोणी नसताना चेंडू घेऊन धावणाऱ्या मुलाला शिट्टीने थांबवलं, तर त्याची दोन गुणांची संधी आपण काढून घेतली असंच झालं. म्हणून विनाकारण वाजलेली शिट्टी हाही अन्यायच असतो.

पंचाने मनाला विचारायचे तीन प्रश्न

पहिला: कोणाच्या जिवाला किंवा हातापायाला आत्ता धोका आहे का? असेल तर ताबडतोब शिट्टी. चेंडू कोणाकडे आहे, गुण किती, वेळ किती उरला, काही पाहायचं नाही.

दुसरा: धोका नाही, पण या अडथळ्यामुळे एका संघाचं नुकसान होतंय का? उदाहरणार्थ, प्रेक्षकांतून कोणी शिट्टी वाजवली आणि बचाव करणारी मुलं पंचाचीच शिट्टी समजून उभी राहिली. अशा वेळी पंच खेळ थांबवू शकतो.

तिसरा: धोकाही नाही, नुकसानही नाही, मग थोडं थांबता येईल का? बहुतेक वेळा येतं. चालू असलेली चढाई संपू द्यायची आणि मग शिट्टी द्यायची.

हे प्रश्न नियमपुस्तकात या शब्दांत छापलेले नाहीत. पुस्तकातल्या वेगवेगळ्या कलमांमागचा विचार एकत्र करून मी ते माझ्यापुरते बांधले आहेत. सगळेच प्रसंग पुस्तकात मावत नाहीत, म्हणून नियमात लिहिलेलं नाही त्यावर निर्णय देण्याचा अधिकार मुख्य पंचाला दिलेला आहे.

खेळाडू पडला तर

याविषयी नियम स्पष्ट आहे. चेंडू खेळात असताना कोणाला दुखापत झाली, तर चेंडू ज्या संघाकडे आहे त्याने बास्केटकडे चेंडू टाकेपर्यंत, किंवा त्याच्याकडून चेंडूचा ताबा जाईपर्यंत, किंवा त्याने खेळ रोखून धरेपर्यंत पंचाने शिट्टी वाजवायची नाही. कारण उघड आहे. नाहीतर विरुद्ध संघाची चढाई आली की एकाने मुद्दाम लोळायचं आणि संधी मोडायची, असा प्रघात पडेल.

परंतु त्याच नियमात पुढं म्हटलं आहे, की जखमी खेळाडूच्या रक्षणासाठी गरज असेल तर खेळ लगेच थांबवता येतो. डोक्याला मार लागला, मुलगा हालचाल करत नाही, किंवा पडलेल्या जागी इतर खेळाडू धावत येणार आहेत, तर वाट पाहायची नाही.

खेळ थांबल्यावर जखमी खेळाडू अंदाजे १५ सेकंदांत पुन्हा खेळायला उभा राहिला नाही, किंवा त्याच्यावर उपचार करावे लागले, तर त्याच्या जागी बदली खेळाडू घ्यावा लागतो. रक्त येत असेल तर त्याला बाहेर काढायचंच. रक्त थांबून जखम पूर्ण झाकल्याशिवाय परत घ्यायचं नाही. प्रशिक्षकाला आत यायचं तर पंचाची परवानगी लागते. डॉक्टरांना मात्र तातडीची गरज वाटली तर ते परवानगीविना आत येऊ शकतात. पालकांचा उल्लेख या यादीत नाही. आई-बापाच्या काळजाला हे जड जातं, मी जाणतो. पण पडलेल्या मुलाभोवती दहा माणसं जमली की हवा कोंडते, आणि मुरगळलेला पाय ओढून सरळ करणारे हातही त्यांतच असतात.

जनावर, पाखरू, दुसरा चेंडू

आपल्या मैदानाला कुंपण अपुरं आहे, म्हणून कुत्रं येणं नवीन नाही. ते दूरच्या कोपऱ्यातून जात असेल आणि खेळ दुसऱ्या टोकाला असेल, तर चढाई संपू द्यावी. खेळाडूंच्या दिशेने आलं तर लगेच शिट्टी. घरंगळत आलेल्या चेंडूलाही हाच न्याय. उडी मारून खाली येणाऱ्या मुलाच्या पायाखाली चेंडू आला तर घोटा गेलाच समजा.

हे मोठ्या ठिकाणीही घडतं. ३१ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत सॅन अँटोनिओ येथे सॅक्रामेंटो संघाविरुद्धच्या व्यावसायिक सामन्यात छतावरून एक वटवाघूळ मैदानावर घिरट्या घालू लागलं आणि खेळ थांबला. मानू जिनोबिली या नामांकित खेळाडूने हाताने फटका मारून ते खाली पाडलं आणि उचलून बाहेर नेलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पण पुढं त्याला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. आपण यातून शिकायचं ते असं, की खेळाडूंनी जनावराला हात लावायचा नाही. पंचाने खेळ थांबवून सगळ्यांना बाजूला घ्यायचं आणि संयोजकांच्या माणसांनी जनावर शांतपणे बाहेर घालवायचं. प्रेक्षकांतून दगड मारला की कुत्रं घाबरून मुलांच्याच अंगावर जातं.

दव, पाऊस आणि वीज

डिसेंबर-जानेवारीत सकाळी उसाच्या पानावर दव असतं तसंच ते सिमेंटच्या मैदानावरही असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण बूट घसरतो. ९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेत जॅक्सनव्हिल येथे बटान या युद्धनौकेच्या डेकवर लाकडी मैदान घालून फ्लोरिडा आणि जॉर्जटाउन या विद्यापीठांचा सामना ठेवला होता. रात्री मैदानावर दव साचू लागलं आणि खेळाडू घसरू लागले. मध्यंतराला सामना थांबवला तो पुन्हा सुरू झालाच नाही. एवढा खर्च, एवढी माणसं जमलेली, तरी थांबवला.

उलट उदाहरणही आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे आलं, पण सामने उघड्यावर मातीच्या मैदानांवर ठेवले. १४ ऑगस्टला अमेरिका आणि कॅनडा यांचा अंतिम सामना पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. सामना न थांबवता पुरा केला आणि निकाल लागला १९–८. अंतिम सामन्यात हरणाऱ्या संघाचे आठ गुण! सामना पार पडला, पण बास्केटबॉल म्हणावं असं त्यात फार थोडं उरलं.

वीज गेली तर प्रश्नच नाही, लगेच शिट्टी. अंधारात उडी मारलेला मुलगा कुठे उतरेल सांगता येत नाही. शिट्टीनंतर पंचाने पहिल्यांदा टेबलाकडे जावं आणि गुण, फाऊल, उरलेला वेळ व चेंडू कोणाकडे होता हे कागदावर लिहून घ्यावं. विजेच्या घड्याळावर भरवसा ठेवू नये. किती वेळ वाट पाहायची आणि त्यानंतर काय करायचं, हे संयोजकांनी स्पर्धेआधीच लिहून ठेवावं.

टेबलावरचा गोंधळ: म्युनिक १९७२

मैदानाच्या कडेला टेबलावर गुणलेखक, वेळ पाहणारा आणि त्यांचे साथीदार बसतात. टेबलावर गोंधळ झाला तर काय होतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा अंतिम सामना. अमेरिका विरुद्ध सोव्हिएत रशिया.

तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकून संघाला ५०–४९ असं पुढं नेलं. दुसऱ्या थ्रोच्या वेळीच टेबलावरचा भोंगा वाजला, पण खेळ थांबला नाही. रशियाने चेंडू आत टाकला. तेवढ्यात त्यांचे प्रशिक्षक टेबलाजवळ येऊन, आम्ही टाइमआऊट मागितला होता, असं सांगू लागले. तो गलबला पाहून पंच रेनातो रिघेतो यांनी खेळ थांबवला, तेव्हा एक सेकंद उरला होता. मग आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर न्यायला सांगितलं. सामना चालू असताना असा हुकूम देण्याचा अधिकार नियमाने त्यांना नव्हता. घड्याळ नीट लागण्याआधीच खेळ सुरू झाला, भोंगा वाजला, अमेरिकेचे खेळाडू जिंकलो म्हणून नाचू लागले. पुन्हा थांबवलं, पुन्हा तीन सेकंद. या तिसऱ्या वेळी इव्हान येदेश्कोने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला आणि अलेक्झांडर बेलोव्हने बास्केट केलं. रशिया ५१, अमेरिका ५०. अमेरिकेचा तक्रारअर्ज फेटाळला गेला आणि त्यांच्या खेळाडूंनी रौप्यपदकं स्वीकारली नाहीत.

रिघेतो यांची शिट्टी चुकली असं मला म्हणवत नाही. टेबलाशी माणसं जमली तर पंचाला थांबवावंच लागतं. चूक मैदानाबाहेरच्यांची. ज्यांनी आत शिरायचं नव्हतं ते शिरले आणि ज्यांनी हुकूम द्यायचा नव्हता त्यांनी दिला. पन्नास वर्षं उलटली तरी तो निकाल वादाचाच राहिला आहे.

प्रेक्षक आवरले नाहीत तर सामनाच संपवावा लागतो. १९ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत ऑबर्न हिल्स येथे प्रेक्षकांतून एकाने खेळाडूवर पेला फेकला, खेळाडू प्रेक्षकांत घुसले, मारामारी झाली. ४५.९ सेकंद शिल्लक असताना पंचांनी सामना तिथेच संपवला.

पुन्हा सुरू करताना कोणाचाही फायदा नको

थांबवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं पुन्हा सुरू करणं. तत्त्व असं, की अडथळ्यामुळे कोणाला काही मिळू नये आणि कोणाचं काही जाऊ नये.

चेंडू ज्या संघाकडे होता त्यालाच, जवळच्या जागेवरून रेषेबाहेरून मिळतो. कोणाकडेच नव्हता, तर टेबलावरचा बाण ज्या संघाकडे असेल त्याला. चेंडू बास्केटकडे हवेत सुटलेला असताना शिट्टी वाजली आणि तो आत पडला, तर गुण धरायचे. २४ सेकंदांच्या घड्याळाचं असं, की अडथळा दोन्ही संघांशी संबंध नसलेला असेल आणि चेंडू स्वतःच्या अर्ध्या भागातून आत येणार असेल, तर पुन्हा पूर्ण २४ सेकंद मिळतात. पुढच्या भागातून येणार असेल, तर १४ किंवा जास्त उरलेले सेकंद तसेच चालू राहतात, १३ किंवा कमी असतील तर १४ करतात. यात दुसऱ्या संघावर अन्याय होतोय असं वाटलं, तर पंच थांबल्या जागेवरूनच घड्याळ चालू करतो. चेंडू ज्यांच्याकडे होता त्यांचाच खेळाडू जखमी झाला म्हणून थांबवलं असेल, तर उरलेलाच वेळ मिळतो.

आता तो प्रसंग

सतरा वर्षांखालील मुलींचा सामना, शेवटची मिनिटं. आपली शाळा एका गुणाने मागे. आपल्या मुलीने चेंडू टाकला, तो रिंगला लागून परतला आणि ती घोटा मुरगळून बास्केटखालीच बसली. चेंडू विरुद्ध संघाला मिळाला आणि त्या दुसऱ्या टोकाकडे धावल्या. दुसरे पंच चेंडूबरोबर पुढे गेले, मागे मी. मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्याजवळ कोणी नव्हतं, चढाई पलीकडे चालली होती. नियमाप्रमाणे मी थांबलो. इथपर्यंत बरोबर होतं. तिचे वडील आपले सभासद आहेत. ते बाकावरून उठले, पण रेषा ओलांडली नाही.

पलीकडे त्यांनी टाकलेला चेंडू चुकला आणि आपल्या मुलींच्या हाती आला. त्याच क्षणी शिट्टी वाजायला हवी होती. विरुद्ध संघाची चढाई संपली होती. पडलेली मुलगी ज्या टोकाला होती तिकडेच आता खेळ येणार होता. मी शिट्टी ओठांशी नेली आणि वाजवली नाही. खरं सांगतो, मनात आलं, "आपल्या पोरींना संधी आहे." एका गुणाचा तर प्रश्न होता. लांब फेकलेला चेंडू आला, त्यामागे तीन मुली वर बघत धावत आल्या आणि विरुद्ध शाळेची एक मुलगी बसलेल्या मुलीला अडखळून मनगटावर पडली. मग मी शिट्टी वाजवली. मनगटाचं हाड मोडलं होतं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये.

त्या मुलीचे वडीलही ऊस उत्पादक आहेत. नंतर गट ऑफिसात भेटले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, शिट्टी तुमच्याच तोंडात होती ना?" मला उत्तर देता आलं नाही. आज या पानावर देतो: होय, होती आणि चूक माझी होती. प्रेक्षकांनी त्या दिवशी शिस्त पाळली, पंचाने पाळली नाही.

पंचाचा कोणत्याही संघाशी संबंध नसावा, असं नियम सांगतो. माणसं कमी म्हणून आपण तिकडे काणाडोळा करत आलो. मी कारखान्याचा नोकर, शाळा कारखान्याची, तरी आपण न्यायाने वागू असा मला भरवसा होता. तो त्या एका सेकंदात टिकला नाही. म्हणून यापुढे आपल्या शाळेच्या सामन्याला मी पंच म्हणून उभा राहणार नाही, असं क्रीडा समितीला लिहून दिलं आहे आणि समितीने ते मान्य केलं आहे. त्या सामन्यांना बाहेरचे पंच येतील.

सामन्याला येणाऱ्या सभासदांसाठी

१. मूल पडलं तरी रेषा ओलांडू नका. पंचाचं लक्ष नाही असं वाटलं तर टेबलावरच्या माणसाला सांगा.

२. शिट्टी, पिपाणी आणू नका. मैदानाशेजारून जाताना ट्रॅक्टरवरचा टेप बंद ठेवा.

३. रेषेपासून निदान २ मीटर जागा मोकळी सोडून बसा. पिशव्या, बाटल्या, चपला त्या पट्ट्यात नकोत.

४. सकाळचा सामना असेल तर मैदान कोरड्या पोत्याने पुसायला चार हात द्या.

५. कुत्रं आत आलं तर दगड मारू नका. त्यासाठी दोन स्वयंसेवक नेमले जातील.

६. सामन्यानंतर निर्णयाचं कारण विचारायला संकोच करू नका. चालू सामन्यात मात्र टेबलाशी गर्दी नको.

ती मुलगी यंदा पुन्हा खेळणार आहे, असं तिच्या वडिलांनी परवा लागणीची नोंद द्यायला आले तेव्हा सांगितलं. सामन्याला मी येईन. बाकावर, आपल्याबरोबर बसेन. पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट कुजवण्याविषयी लिहीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी